डावीकडचा आवाज

मदनभाऊ, नाशिकहून परत येताना मालेगावच्या अलीकडे तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि उत्तर द्यायच्या ऐवजी मी गाडी चहाला थांबवली. मला चहा नको होता, तुम्हालाही नको होता. भाभी मागच्या सीटवर तुमच्या तपासण्यांची पिशवी मांडीवर घेऊन झोपल्या होत्या, म्हणून आपण दोघंच उतरलो. तुमचा तोल जात होता, मी तुमचा दंड धरला होता. चहा झाला, परत गाडीत बसलो, मालेगाव गेलं, धुळं आलं, पण तुम्ही तो प्रश्न पुन्हा काढला नाहीत. मग ऑपरेशन झालं. त्यानंतर तुम्ही नीट शुद्धीवर आलाच नाहीत आणि माझी सुटका झाली. हो, सुटकाच. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा छातीत कळ आली हे खरं, आणि तिच्या मागोमाग 'आता कोणी विचारणार नाही' असं मनात आलं हेही खरं.

परवा तुमचा बारावा झाला. धुळ्यात आग्रा रोडच्या कोपऱ्यावर तुमचा फ्लेक्स अजून आहे. कोणाच्या तरी लग्नातला फेट्यातला फोटो, खाली शोकाकुलांची यादी. तुमचा जन्म कुठला, भांड्यांच्या दुकानातली तुमची कितवी पिढी, ते सगळं त्यावर आलंय, तेव्हा मी ते इथं उगाळत नाही. भुसावळच्या पाटील नानांनी मला सांगितलं होतं की आपल्या गाणंवेड्यांच्या ग्रुपवर टाकायला चार ओळी तूच लिही, तुझं मराठी बरं आहे. मी लिहिलं, 'खानदेशातला सगळ्यात तयार कान गेला.' लिहिलं आणि वाचलं, आणि मला इतकी लाज वाटली की फोन उपडा ठेवून मी दुकानाचं शटर ओढून घेतलं. नाना अजून वाट बघतायत.

आपली ओळखही कानावरूनच झाली. तुम्ही जळगावला लग्नाला आला होतात, चष्म्याची काडी मोडली म्हणून माझ्या दुकानात शिरलात. माझ्या काउंटरमागे माझा देशी अँप्लिफायर हळू आवाजात चालू असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी म्हटलं, आलात तर नंबरही बघून घेऊ. एक डोळा झाकून तुम्हाला अक्षरं वाचायला लावली. तुम्ही दोन ओळी वाचल्यात, थांबलात आणि म्हणालात, "तुमच्या मशीनचा खर्ज जळका येतो." मला वाटलं गिऱ्हाईक भांडायला आलंय. मी म्हटलं, भाऊ, अक्षरं वाचा. तुम्ही अक्षरं वाचलीत, मग स्टूल ओढून बसलात, आणि लग्नातली पंगत उठली तरी तुम्ही माझ्या दुकानात बसून गाणी ऐकत होतात. संध्याकाळी भाभींचा फोन आला तेव्हा तुम्ही सांगितलंत की डोळे तपासायला वेळ लागतोय.

तुमचं मशीन मी पाहिलं ते पुढच्या महिन्यात, धुळ्याला, दुकानावरच्या तुमच्या खोलीत. शेजारच्या हाजीसाहेबांनी कुवेतहून आणलेलं, जपानी, चांदीच्या तोंडाचं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची सगळी भांडी तुमच्या दुकानातून गेली आणि त्या बदल्यात मशीन जिना चढून वर आलं. रुपेरी पट्टी, बाजूंना लाकूड, हाताला भरीव लागणारी बटणं आणि मधोमध दोन काचेच्या खिडक्या, त्यांत एकेक सुई, एक डावीची, एक उजवीची. गाणं सुरू झालं की दोन्ही सुया बरोबरीनं उठायच्या. आमच्या या नादात जो तो आपलं जुनं मशीन श्रेष्ठ मानतो, पण तुमच्या मशीनसमोर नानांसारखा फटकळ माणूसही गप्प बसायचा. हल्ली जाणकार लोक दोन-दोन, तीन-तीन वेगळे डबे मांडतात. तुम्हाला ते पटत नसे. इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणजे एकत्र कुटुंब, तुम्ही म्हणायचात, सगळे एका पेटीत नांदतात, आत भांडण झालं तरी बाहेर ऐकू येत नाही. भाभी आतून म्हणायच्या, येतं, सगळं ऐकू येतं.

अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, ते मशीन झोपायला जायचं. खानदेशातल्या उन्हाळ्यात माणसं तापतात तिथं जुन्या ट्रान्झिस्टरांची काय कथा, म्हणून तुम्ही त्यावर मलमलचं कापड घालायचात आणि ऊन उतरेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचा नाहीत. पहिल्या वर्षी मी ऐन मे महिन्यात हट्ट धरला, रेकॉर्डची एकच बाजू ऐकू म्हणालो, तेव्हा तुम्ही खेड्यातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचात तसं माझ्याशी अहिराणीत बोललात. "आखाजीले लेक माहेरले येस. तिले कोन कामले लावस?" मारवाड्याच्या तोंडून इतकी अस्सल अहिराणी ऐकून मी हसत सुटलो. मी जळगावचा, मला तुमच्याइतकी येत नाही.

आपले दोन वाद शेवटपर्यंत मिटले नाहीत. एक माझ्या देशी मशीनचा. ते माझ्या वडिलांनी घेतलेलं, आपल्याच देशात बांधलेलं, दणकट, आणि तापतं हे मी कबूल करतो. तुम्ही त्याला शेगडी म्हणायचात. त्यावर पापड भाजून घेत जा, म्हणजे वीजबिल वसूल होईल, असं चारचौघांत म्हणायचात. दुसरा वाद झाकणाचा. मी म्हणायचो, जुन्या मशीनमधले कपॅसिटर सुकतात, ते बदलले पाहिजेत. तुम्ही म्हणायचात, जे जसं आलं तसं राहू द्यावं, एकेक करून सगळं आतलं बदललं तर उरेल ती नुसती पेटी. हिवाळ्यात नानांच्या मळ्यात भरताची वांगी भाजताना हा वाद असा पेटायचा की वांग्यांकडे कोणाचं लक्ष राहायचं नाही. तुमच्या मशीनचा एकही स्क्रू कधी फिरला नव्हता, याचा तुम्हाला केवढा अभिमान होता.

आणि तुमचा कान. त्याबद्दल दुमत नव्हतंच. तांब्याचा हंडा तुमच्यासमोर ठेवला की तुम्ही मधल्या बोटानं टिचकी मारायचात आणि सांगायचात, सांधा इथं कच्चा आहे. गाण्यातही तसंच. माझा कान बेताचा. नानांनी आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं, त्यांचा कान इंजिनानं आधीच खाल्लेला. पण नाना वयानं मोठे, त्यांना कोण बोलणार? एकदा त्यांच्या घरी तुम्ही स्पीकरच्या तारा बदलल्यात आणि मला विचारलंत, फरक पडला का? मी म्हटलं, मला काही कळला नाही. तुम्ही हसून म्हणालात, चष्मेवाले, देवानं तुला डोळ्यांचंच दुकान बरोबर दिलंय. सगळे हसले, मीही हसलो, आणि भुसावळहून जळगावला येईपर्यंत मला ते टोचत राहिलं. त्या दिवसापासून मला सगळं ऐकू यायला लागलं. तुम्ही म्हणालात की झांज जरा कोरडी आहे, की मला ती कोरडी ऐकू यायची. नाना म्हणाले की घुमारा वाढलाय, की मी मान डोलवायचो. मशीनच्या नादाला लागलेल्या माणसांना हा रोग असतोच, पण मला तो जरा जास्तच झाला.

मग तो दिवाळीच्या आधीचा रविवार आला. तुमच्या खोलीत आपण तिघं. सतारीची रेकॉर्ड लागली होती. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, मध्येच उठलात, डावी-उजवीचा तोल साधायचं बटण किंचित डावीकडे फिरवलंत, परत बसलात, आणि म्हणालात, "डावीकडून कमी वाटतंय का रे?" नाना म्हणाले, हो, जरासं. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

मदनभाऊ, मला दोन्हीकडून व्यवस्थित ऐकू येत होतं. उलट तुम्ही बटण फिरवल्यामुळे डावीकडूनच जास्त येत होतं. डावी सुई कुठंच मागे नव्हती, तेही समोर दिसत होतं. हे सगळं कळत असताना मी म्हणालो, "हो भाऊ, कमी आहे." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नुसतं हो म्हटलं तर नानांच्या मागून फरफटल्यासारखं दिसेल, म्हणून मी पुढे जोडलं, "वरच्या पट्टीत जास्त जाणवतंय." तुम्ही कौतुकानं माझ्याकडे बघितलंत. तयार झाला तुझा कान, असं म्हणालात. आज सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर सव्वा-दीड वर्ष आपण काय काय केलं! स्पीकरच्या तारा उलटसुलट केल्या, तरी डावीकडचाच आवाज कमी. मग स्पीकर उचलून एकाच्या जागी दुसरा ठेवला, तरी डावीकडचाच कमी. म्हणजे दोष खोलीत आहे, असं ठरलं. डावीकडच्या भिंतीला खिडकी आहे, तिथून आवाज निसटतो, म्हणून तिला गोधडी ठोकली. कपाट हलवलं. गादी उभी केली. भाभींचं देवघर तेवढं राहिलं, तेही हलवायचा विचार तुम्ही बोलून दाखवलात आणि भाभींनी तुमच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की आपण दोघं खाली दुकानात जाऊन बसलो. सुया सारख्या हलतात हे तुम्हीच एकदा म्हणालात, आणि मीच म्हटलं, भाऊ, जुन्या सुयांवर काय भरवसा. शेवटी तुम्ही मशीन चादरीत गुंडाळून भुसावळच्या मिस्त्रीकडे नेलंत. ज्या मशीनचा स्क्रू कधी फिरला नव्हता, त्याचं झाकण तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर उघडू दिलंत. आतले जुने भाग एकेक करून बाहेर आले. तुम्ही ते हातात घेऊन बघत होतात आणि आपला एवढा जुना वाद मी जिंकला होता. मिस्त्रीनं झाकण लावलं, घरी आणून लावलं, तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, तरी कमीच आहे.

आपण सगळं फिरवून बघितलं, मदनभाऊ, फक्त खुर्चीत तुम्हाला पाठमोरं बसवून बघितलं नाही. तेवढं केलं असतं तर डावी-उजवी बदलली असती आणि एका मिनिटात कळलं असतं की दोष मशीनला नाही, भिंतीला नाही, तो खुर्चीत बसला आहे. तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात ते आलं नाही. कारण तुमचा कान चुकेल, ही शक्यताच आपल्यापाशी नव्हती.

घरात एकच माणूस खरं बोललं. भाभी चहा घेऊन आल्या, रेकॉर्ड चालू होती, आणि त्या सहज म्हणाल्या, मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय. तुम्ही हसलात. नाना हसले. आणि मी, ज्याला अगदी तेच ऐकू येत होतं, तो म्हणाला, "भाभी, हे रेडिओवरचं गाणं नाही. यात बारकावे असतात." त्यांनी कप ठेवले आणि त्या आत गेल्या. पुन्हा त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत.

एकदा तुम्ही फोन घ्यायला गच्चीत गेला होतात. खोलीत मी एकटा होतो. मी तुमच्या खुर्चीत बसलो, तोलाचं बटण मधोमध आणलं आणि डोळे मिटले. गाणारी बाई बरोबर मधोमध उभी होती, तिळमात्र इकडे नाही की तिकडे नाही. तुमच्या मशीननं इतकं सुंदर गाणं मला कधीच ऐकवलं नव्हतं. तुमची पावलं ऐकू आली तसं मी बटण होतं तिथं नेऊन ठेवलं. तुम्ही विचारलंत, काय वाटतं? मी म्हटलं, आहे भाऊ, डावं जरा बसलंय. एवढ्या दिवसांनंतर मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो की पहिल्या दिवशीच खोटं बोललो?

दिवसभर मी दुकानात काय करतो? लोकांचा एक डोळा झाकतो आणि दुसऱ्यानं वाचायला लावतो, मग दुसरा झाकतो. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो की पेपरचा छापा हल्ली फिकट यायला लागलाय, दिव्यांचा उजेड कमी झालाय. मी हसून सांगतो, काका, छापा ठीक आहे, तुमचा डोळा दाखवा. अनोळखी माणसाला मी हे बेधडक सांगतो. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही फोन कायम उजव्या कानाला लावायला लागलात. चालताना मला हाताला धरून आपल्या उजवीकडे घ्यायला लागलात. एकदा दुकानात परात वाजवून बघताना तुम्ही मान वळवून उजवा कान पुढे केलात, आणि मी काउंटरच्या अलीकडे उभा राहून ते पाहिलं. पाहिलं आणि लाडू खात राहिलो.

मग जिन्यावर तोल जायला लागला, गालाला मुंग्या यायला लागल्या, आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. गाडी माझीच होती. नाशिकच्या डॉक्टरांनी फिल्म बघत विचारलं, डाव्या कानानं कधीपासून कमी ऐकू येतं? तुम्ही म्हणालात, "कानानं नाही डॉक्टर, मशीननं. मशीनची डावी बाजू कमी आहे." डॉक्टरांना काही समजेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, कानाच्या नसेवर गाठ आहे, साधीच आहे पण फार वाढली आहे, आता मेंदूवर दाब देते आहे. ऑपरेशन करावं लागेल आणि ते जोखमीचं आहे. गाठ लहान असताना आला असतात तर गोष्ट वेगळी होती, असंही ते म्हणाले. ते रागावून म्हणाले नाहीत, पण मला ते पुरलं.

परतीच्या रस्त्यावर चांदवडचा घाट उतरेपर्यंत तुम्ही गप्प होतात. मला वाटलं घाबरलात. आणि एकदम तुमचा चेहरा उजळला, तुम्ही डॅशबोर्डवर थाप मारलीत आणि म्हणालात, "म्हंजे मशीन बठ्ठं बरोबर शे!" डोक्यात गाठ घेऊन निघालेला माणूस आपला अँप्लिफायर निर्दोष ठरला म्हणून असा खूश झालेला मी दुसरा बघणार नाही. मलाही हसू आलं. थोडा वेळ तुम्ही त्याच आनंदात होतात. मग हळूहळू तुमचा आवाज उतरला. तुम्ही समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणालात, "मग चष्मेवाले, तुला कमी कसं ऐकू येत होतं?"

आणि मी चहाला थांबलो.

तुम्हाला कळलं होतं, हो ना? कळल्याशिवाय तुम्ही विषय सोडणाऱ्यांतले नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात आलो तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही म्हणालात, उद्या माझंच झाकण उघडतायत, ओरिजिनल पार्ट काढू नका म्हणून सांग त्यांना. मी हसलो आणि माझे डोळे भरून आले. तुम्ही माझा हात धरून ठेवलात. तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही मला माफ केलंत की नुसतं सोडून दिलंत, हे मला आता कधीच कळणार नाही.

स्मशानातून परतताना नाना माझ्या गाडीत होते. त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांनाही काही कमी ऐकू आलं नव्हतं. इंजिनानं माझे कान नेले, मदन म्हणतो तर असेल, असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, नाना, मलाही नव्हतं आलं. त्यांनी गाडीची काच खाली घेतली. मग म्हणाले, माझं ठीक आहे, मी म्हातारा, पण तू तर वरच्या पट्टीतलंही सांगत होतास.

काल सकाळी भाभींचा फोन आला. पाहुणे गेलेत, मुलगाही पुण्याला गेला, भैया, एकदा येऊन मशीन लावून द्या, मला त्यातलं काही कळत नाही. मी दुकान बंद केलं आणि निघालो. पारोळ्यापर्यंत मी ठरवत होतो की सांगायचं. पारोळ्याच्या पुढे ठरवत होतो की नाही सांगायचं, त्यांना आधीच कमी दुःख आहे का?

खोलीत सगळं तसंच होतं. खिडकीवर गोधडी, उभी केलेली गादी. मी मशीन सुरू केलं, तीच सतारीची रेकॉर्ड लावली. भाभी तुमच्या खुर्चीत बसल्या नाहीत, दारापाशी पाटावर बसल्या. बराच वेळ त्या मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी अगदी अपराध्यासारखं विचारलं, "भैया, डावीकडून अजून कमीच आहे ना? मला आत्ता आत्ता कळायला लागलंय."

मदनभाऊ, मी तुमच्यासमोर जे केलं ते मला त्या बाईसमोर करता आलं नाही. मी म्हटलं, "भाभी, कमी नाही. कधीच नव्हतं. तुम्हाला सारखं ऐकू येत होतं, तसंच मलाही येत होतं. मी खोटं बोललो." त्यांनी विचारलं, नाना? मी म्हटलं, नानांनाही तसंच.

मला वाटलं त्या रडतील, किंवा मला घराबाहेर काढतील. त्यांनी पदर नीट केला.

"म्हणजे मी उगाच गेले होते," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कुठे?

"कानाच्या डॉक्टरकडे. तुमचं हे सुरू झालं त्याच हिवाळ्यात. यांना सांगितलं, दोंडाईच्याला बहिणीकडे जाते. तुम्ही तिघं म्हणता कमी आहे आणि मला तर सारखंच येतं, म्हटलं आपलेच कान गेले. डॉक्टरांनी एकेक कान तपासला. म्हणाले, बाई, दोन्ही कान चांगले आहेत तुमचे. मग त्यांनी विचारलं, घरात अजून कोणाला ऐकायचा त्रास आहे का? असेल तर आणा." भाभींनी खिडकीवरच्या गोधडीकडे बघितलं. "मी म्हटलं, नाही डॉक्टर. आमच्याकडे ह्यांचे कान तर सगळ्या धुळ्यात नावाजलेले आहेत."

रेकॉर्ड चालू होती. मग त्यांनीच विचारलं, "खोटं बोललात हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग सांगा," भाभी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

सांगतोय, मदनभाऊ. डावीकडून आवाज बरोबर येत होता. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता.